काचेमागे कोण बसणार?

ग्रामोफोनच्या रेकॉर्डीवर मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, कधी कवीचं आणि संगीतकाराचं नाव छापलेलं असे. ज्याच्या हुकमावाचून ती रेकॉर्ड झालीच नसती, त्या माणसाचं नाव मात्र आमच्या काळी सहसा तिथं नसे. त्याला आम्ही नुसतं ‘साहेब’ म्हणत असू.

सत्तरच्या दशकात मी एका रेकॉर्ड कंपनीचा सातारा-सांगली भागाचा प्रतिनिधी होतो. सांगलीत आमचं घर. भाऊबंद सगळे हळदीच्या व्यापारात. मी एकटाच ‘गाणी विकतो’ म्हणून घरात थट्टेचा विषय. काम तसं साधं होतं. दुकानदारांना नव्या रेकॉर्डी वाजवून दाखवायच्या, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि या भागात कुणी चांगलं गाणारं-वाजवणारं आढळलं तर कंपनीला कळवायचं.

तक्रारी तऱ्हेतऱ्हेच्या असत. साताऱ्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी रेकॉर्ड परत आणली. म्हणाले, आवाज लय बारीक येतोय. मी त्यांच्या घरी जाऊन यंत्र उघडलं, तर सुईच्या जागी बाभळीचा काटा. छान तासून, टोक काढून बसवलेला. “सुया संपल्या, आन् बाभळीला काय तोटा हाय व्हय?” असा त्यांचा सवाल. मी नवी सुई लावून दिली. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, “काट्याचा आवाज बारीक, पण गोड व्हता.” खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

तासगावकडचे एक कीर्तनकार बुवा मी हौसेनं मुंबईला नेले. रेकॉर्डीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात हे त्यांना दहादा समजावलं होतं. त्यांनी माइकसमोर डोळे मिटले, आणि त्यांचं नमन संपायच्या आत रेकॉर्डीची बाजू संपली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. शेवटी बुवांनीच मला समजावलं, “देवाला एवढ्या घाईत हाक मारली तर तो यायचा नाही हो.” आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. वाटेत बुवांनी मला पुरं आख्यान ऐकवलं.

आता ‘साहेब’ म्हणजे कोण ते सांगतो. स्टुडिओत मधे एक जाड काच असते. अलीकडे कलावंत, पलीकडे यंत्रं आणि साहेब. कोणतं गाणं घ्यायचं, कुणी माइकजवळ उभं राहायचं, कुणी लांब, काय गाळायचं, कोणता प्रयत्न पास, हे सगळं तो ठरवतो. तो ‘ओके’ म्हणाला की झालं. आमटीतल्या मिठासारखा हा माणूस. बरोबर पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकला तर ताट सरकवावं लागतं. म्हणून कोणत्या कलावंताला कोणता साहेब मानवेल, हा आमच्या धंद्यातला सर्वांत नाजूक प्रश्न. त्याचं उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली ती कोरेगावच्या बर्गे मास्तरांच्या बँडपायी.

मास्तर पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. गावी येऊन त्यांनी आपल्यासारखेच पेन्शनर जवान गोळा केले आणि बँड काढला. एरवी ही सगळी मंडळी ऊस आणि आलं पिकवणारी, पण लग्नसराईत अंगावर खाकी गणवेश चढला की त्यांची चाल बदलायची. ताठ कणा, एका रांगेत, एका वेळी पडणारा पाय. दुसरा महत्त्वाचा माणूस ट्रम्पेटवाला दिलावर मुलाणी. मास्तरांच्याच पलटणीतला, वयानं बराच धाकटा, दांडगा आणि तापट. मास्तरांच्या शब्दाबाहेर मात्र कधी गेला नाही.

या बँडाची ओळख होती मास्तरांची पाठवणीची धून. नवरी निघाली की सगळा बँड गप्प व्हायचा आणि मास्तर एकटे क्लॅरिनेट ओठाला लावायचे. सरहद्दीवर असताना थोरल्या मुलीच्या लग्नाला त्यांना रजा मिळाली नव्हती. त्या दिवसांत बराकीत बसून त्यांनी ती बांधलेली. ती ऐकताना वरपक्षाच्या बायकासुद्धा पदर डोळ्यांना लावत.

पहिली रेकॉर्ड मी त्यांना मुंबईला नेऊन केली. एका बाजूला लेझमीची चाल, दुसऱ्या बाजूला ही धून. साहेब होते नाडकर्णी. बारीक अंगाचे, पांढऱ्या शर्टाचे, बोलणं मोजकं आणि तोडून टाकणारं. त्यांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, मोठ्या ढोलावर घोंगडी टाकली, दिलावरला माइककडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायला लावलं. संध्याकाळपर्यंत एकच बाजू पुन्हा पुन्हा वाजवून घेतली आणि एकदाही ‘छान’ म्हणाले नाहीत. परतीच्या गाडीत दिलावर मला म्हणाला, “मगदूमसाहेब, जलमात पयल्यांदा भिंतीला गानं ऐकवलं.”

रेकॉर्ड मात्र धो धो चालली. मिरजेपासून वाईपर्यंत दर मांडवात पाठवणीला ती लागायला लागली. त्यात एक गंमत अशी झाली की काही लोक बँड न सांगता नुसती रेकॉर्डच लावून मोकळे व्हायला लागले. मास्तर त्यावर एवढंच म्हणाले, “आपलंच आपल्याला भारी पडलं की.” मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं. रेकॉर्ड नेऊन करवणारा मीच होतो.

कंपनीला आता दुसरी रेकॉर्ड हवी होती. त्याच सुमारास मुंबईत मेहता नावाचे एक तरुण साहेब नव्यानं आले होते. ते आपणहून सांगलीला आले. कुपवाडच्या एका कारखानदाराच्या घरचं लग्न होतं, तिथं त्यांनी बँड ऐकला. मोकळा, हसरा माणूस. सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकून बोलले. म्हणाले, या वेळी जोडीला इलेक्ट्रिक गिटार घेऊ, ऑर्गन घेऊ, आवाज घुमवू, कॉलेजातली पोरंसुद्धा नाचतील. मास्तरांची धून संपल्यावर त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. “फर्स्टक्लास, मास्तर. यात काही करायलाच नको.”

मंडळी खूश झाली. दिलावर तर मला बाजूला घेऊन म्हणाला, “ह्यो मानूस आपला हाय. त्या बारक्या साहेबाकडं परत न्यायचं न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो.”

मास्तरांनी काहीच मत दिलं नाही. पान चघळत बसून राहिले. पान खाताना ते एकाच बाजूनं चावताहेत, हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

कंपनीनं माझं मत विचारलं. मी पेचात पडलो. नाडकर्णींनी केलेली रेकॉर्ड चालली होती, पण वाजवणारे त्यांच्यावर नाराज. मेहतांवर सगळे खूश, पण गिटार आणि ऑर्गन आल्यावर या बँडाचं काय उरणार याची मला धास्ती. शेवटी मी मुंबईला जाऊन नाडकर्णींना सरळ म्हणालो, “साहेब, तुम्ही हा बँड कधी रस्त्यावर ऐकलेला नाही. एकदा या. मग तुम्हीच ठरवा, हे काम तुमचं आहे का.”

मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “लग्न कधी आहे?”

कोरेगावच्या स्टेशनवर ते उतरले ते पॉलिश केलेले बूट घालून. लग्न जवळच्याच एका वाडीत होतं. सकाळी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली. मी त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची मांडून ठेवली होती. ते बसले नाहीत. बँडाच्या मागे, मोठ्या ढोलाच्या शेजारून, त्या फुफाट्यातून देवळापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. दिलावर मुद्दाम वळून वळून त्यांच्या दिशेनं ट्रम्पेट फुंकत होता. त्यांनी ढोलवाल्याच्या पायांवरची नजर हलवली नाही.

दुपार कलल्यावर पाठवणी झाली. बँड थांबला. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं. नेहमीसारखाच सगळा मांडव भरून आला, नवरीची आई तर खांबाला धरून उभी. मीही डोळे पुसले. शेजारी बघतो तर नाडकर्णी मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

गाड्या हलल्यावर ते मला म्हणाले, “मास्तरांचे वरचे पुढचे दात हलताहेत. वरच्या सुरांना पकड राहत नाही. हवा सुटते.”

“मला तर काही कळलं नाही,” मी म्हणालो. “एवढी माणसं रडली.”

“ती रडत होती म्हणूनच त्यांना ऐकू आलं नाही. माइकला रडू येत नाही, मगदूम.”

क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांनी दाबून धरावं लागतं, खालच्या ओठावर त्याची वेताची पट्टी थरथरते. दात गेले की वाजवणं गेलं. एवढं मलाही ठाऊक होतं. मी विचारलं, “मग काय करायचं?”

“त्यांना सांगायचं.”

“कोण सांगणार?”

“ज्याला ऐकू आलं तो.”

मास्तरांच्या घरी सगळे अंगणात बसलो. मी जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे मास्तरांच्या मंडळींना ठाऊक होतं. त्यांनी उन्हं असतानाच ताटं वाढायला घेतली होती. नाडकर्णींनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, “मास्तर, आधी बोलू द्या. तुमचे दात गेलेत. ही धून आता तुमच्याकडून रेकॉर्ड करता येणार नाही. मुंबईत माझ्या ओळखीचे चांगले क्लॅरिनेटवाले आहेत. ते वाजवतील, नाव तुमच्या बँडाचंच राहील.”

दिलावर उठून उभा राहिला. “साहेब, पाव्हनं म्हनून आलाय, म्हनून ऐकून घेतलं. मास्तरांच्या दारात बसून असलं बोलायचं न्हाई.”

“दिलावर, खाली बस रं,” मास्तर म्हणाले.

“आवं, पन मास्तर...”

“बस म्हनलं ना.”

दिलावर बसला. मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि सावकाश बोलायला लागले. “साहेब खरं बोलत्यात. गेल्या पावसाळ्यापासनं मला ठावं हाय. वरच्या सुराला गेलो की वारं निसटतंय. मी ती जागा हळूच चुकवून खालनं येतो. कुनाला कळलं न्हाई. ह्या दिलावरला बी न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मगदूमसाहेब, तुमच्या त्या दुसऱ्या साहेबानं कुपवाडात टाळ्या वाजवल्या, तवाच माझ्या मनात आलं. मानूस लय गोड हाय, पन त्याला ऐकू येत न्हाई. रेकॉर्ड करायची तर ह्यांच्याकडंच करायची.”

माझ्या इतक्या दिवसांच्या पेचाचं उत्तर मास्तरांनी असं दोन वाक्यांत देऊन टाकलं.

“पन एक सांगतो,” ते नाडकर्णींना म्हणाले, “माझ्या बँडात भाड्याचा मानूस वाजवनार न्हाई. धून ऱ्हायली तर ऱ्हायली.”

नाडकर्णींनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ठीक आहे. ते माझं चुकलं. आणखी एक चुकलं. मागच्या वेळी मी तुम्हाला खुर्च्यांवर बसवलं. आज मागून चालताना कळलं, तुमचा ढोल हातानं वाजतच नाही, पायानं वाजतो. या वेळी उभे राहा. लाकडी फळ्या टाकून देतो, त्यावर बूट घालून जागच्या जागी चाला. पायांचा आवाज आला तर येऊ दे.” मग त्यांनी दिलावरकडे बोट केलं. “आणि ती धून हा वाजवेल. सूर खाली उतरवून, ट्रम्पेटच्या कर्ण्यात कापड कोंबून. याच्याजवळ दम आहे. सकाळी मला दाखवण्यासाठीच तो वाजवत होता, तेव्हा ऐकलं.”

दिलावरनं मान हलवली. “मास्तरांची धून मी वाजवनार न्हाई. मास्तर जित्तं असताना तर न्हाईच.”

मास्तरांनी त्याला विचारलं, “पलटनीत बिगुलवाला पडला तर बिगुल कोन उचलतो?”

दिलावरनं तोंड फिरवलं.

“सांग की गड्या. इसरलास काय?”

“शेजारचा.”

“मग?”

त्यावर दिलावर तिथून उठून गेला. मला वाटलं, बँड मोडला. नाडकर्णी मात्र ताटाकडे वळले, एक घास घेतला आणि म्हणाले, “पिठलं फार छान झालंय.” त्या माणसाच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढचे काही दिवस मी मुद्दाम कोरेगावकडे फिरकलो नाही. मग एकदा दुकानांच्या फेरीवर असताना राहवलं नाही, म्हणून मास्तरांच्या मळ्याकडे गेलो. विहिरीच्या कठड्यावर मास्तर बसलेले, समोर दिलावर ट्रम्पेट घेऊन उभा. मास्तर धून तोंडानं गुणगुणत, दिलावर ती सुरात धरू पाहत होता. ट्रम्पेटला असली नाजूक जागा घ्यायची सवय नसते. पुन्हा पुन्हा चुकत होतं. दिलावर वैतागून म्हणाला, “मास्तर, ही तुमच्या पोरीसाठनं बांधलेली. माझ्या हातनं कशी याची?”

मास्तर म्हणाले, “तुला बी पोरगी हाय की.”

दिलावरनं रुमाल ओला करून परत ट्रम्पेटच्या कर्ण्यात कोंबला. मी पाणी प्यालो आणि त्यांना न अडवता तसाच निघालो.

मुंबईला जायचा दिवस आला. मास्तर पूर्ण गणवेशात, छातीवर पदकं, पण हातात क्लॅरिनेटची पेटी नव्हती. तेवढी एक गोष्ट मला गाडीत सारखी जाणवत राहिली. इतकी वर्षं ती पेटी मांडीवर घेऊन बसलेला माणूस, मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून खिडकीबाहेर बघत होता.

स्टुडिओत खरोखरच फळ्या टाकलेल्या होत्या. लेझमीच्या चालीसारखी एक नवी चाल आधी घेतली. बुटांच्या आवाजासकट ती अशी काही दणाणली की यंत्रावरचा माणूससुद्धा मान डोलवायला लागला. नाडकर्णींनी फार थोड्या वेळात ती पास केली.

मग धून. मास्तर दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले होते. नाडकर्णी बाहेर आले आणि त्यांना म्हणाले, “तुम्ही इथं काय करताय? आत या.”

“आत माझं काय काम?”

“या धुनीचं ओके मी देणार नाही. तुम्ही द्यायचं.”

नाडकर्णींनी आपली खुर्ची मास्तरांना दिली आणि स्वतः मागे उभे राहिले. मी आयुष्यात अनेक रेकॉर्डिंगं पाहिली. साहेबानं खुर्ची सोडलेली तेवढी एकदाच पाहिली.

लाल दिवा लागला. दिलावरनं सुरुवात केली. रुमालातून गाळून आलेला तो आवाज दबका, जरा घोगरा, पण प्रत्येक जागा जशीच्या तशी. मास्तर ज्या ठिकाणी श्वास घेत, तिथंच त्यानं श्वास घेतला. मास्तर जिथं सूर किंचित रेंगाळत ठेवत, तिथंच रेंगाळला. धून संपली. दिलावर काचेकडे बघत उभा राहिला.

नाडकर्णी वाट बघत होते. शेवटी मास्तर म्हणाले, “परत.”

“का?” नाडकर्णींनी विचारलं. “कुठं चूक नव्हती.”

“चूक न्हाई. पन त्यो माझ्यावानी वाजवतोय. त्याला सांगा, सवताच्या पोरीला वाटंला लावतोय असं समज, आन् तुझं तू वाजव.”

नाडकर्णींनी समोरचं बटण दाबलं, पण निरोप स्वतः दिला नाही. माइक मास्तरांपुढे सरकवला. मास्तर त्यात बोलले. पलीकडे दिलावरनं ऐकलं, मान खाली घातली, रुमाल काढून झटकला, परत कोंबला. बऱ्याच वेळानं ट्रम्पेट उचललं.

या वेळची धून वेगळी होती. थोडी सावकाश. मधे एका ठिकाणी मास्तर वर जायचे तिथं तो वर गेलाच नाही, खालीच थांबला, आणि त्या थांबण्यानं सगळी धून अशी काही जड झाली की मला मास्तरांकडे बघवेना. शेवटचा सूर विरला. मास्तरांनी बोटानं काचेवर टकटक केलं आणि म्हणाले, “हां. झालं.”

ती रेकॉर्ड पहिलीइतकी चालली नाही. “क्लॅरिनेट कुठं गेलं?” म्हणून दुकानदार मला विचारत. कंपनीत मेहता म्हणत, माझ्याकडे दिली असती तर तिप्पट विकली असती. कदाचित विकलीही असती. त्यांनी पुढं दुसऱ्या कलावंतांच्या फार चांगल्या रेकॉर्डी केल्या, हेही सांगायला हवं. चांगला साहेब आणि आपला साहेब यांत फरक असतो, एवढंच मला त्या प्रकरणातून कळलं.

दोनेक हंगामांनंतर त्याच भागातल्या एका लग्नाला मला बोलावणं होतं. बर्गे मास्तरांचाच बँड होता. मास्तर गणवेशात सर्वांत पुढं चालत होते, हात मागं बांधलेले. साताऱ्याला जाऊन बसवलेली कवळी तोंडात, तिचा त्यांना भारी जाच. पाठवणीला बँड थांबला आणि दिलावर पुढं आला. आता तो कापड कोंबत नव्हता. तोच आवाज नुसत्या ओठांनी काढत होता.

नवरीचे वडील डोळे पुसत मास्तरांजवळ आले. माणूस लांबच्या गावचा, बँडाबद्दल काही ठाऊक नसलेला. म्हणाला, “मास्तर, काळीज हललं बघा. कुनाची हो ही धून?”

मास्तरांनी मागं वळून पाहिलं आणि म्हणाले, “दिलावरची.”